आपल्या आवडीचं नेमकं शोधायचं कसं? (याद्या नकोत, पद्धत सांगा)

रिमोटधारी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा पोरकट वाटेल, पण बरेच महिने डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोच.

रात्री साडेनऊला सगळं आवरून बसतो, टीव्ही लावतो आणि शोधायला लागतो. या ॲपमधून त्या ॲपमध्ये, ट्रेलर बघ, रेटिंग बघ, कोणी काय लिहिलंय ते मोबाईलवर बघ, परत मागे ये. काल मुद्दाम घड्याळ लावून बघितलं, ४७ मिनिटं गेली. आणि शेवटी लावलं काय, तर जी विनोदी सिरीज तीनदा बघून झालीय तिचाच दुसरा सीझन, आणि त्यात पण दहाव्या मिनिटाला डुलकी.

बघायला काही नाही असं अजिबात नाही. वॉचलिस्टमध्ये २१२ नावं पडून आहेत, त्यातली बहुतेक कोणीतरी "अरे बघच" म्हणालं म्हणून टाकलेली. ती यादी उघडली की परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धा पोर्शन बाकी असल्यासारखं होतं, मग बंदच करतो.

खरा घोळ पुढेच आहे. मला काय आवडतं हे मला माहितीये असा माझा समज होता. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, थ्रिलर. पण वर्षभरात लावलेले थ्रिलर आठवून मोजले तर निम्म्याहून जास्त अर्धवट सोडलेत. एक ८.६ रेटिंगवाला, सगळं जग डोक्यावर घेऊन नाचतंय तो, चाळीसेक मिनिटांत बंद केला. आणि एक ६.१ वाला, ज्यात दोन भाऊ वडील गेल्यावर त्यांचं घर रिकामं करतात, बास, अख्ख्या पिक्चरमध्ये दुसरं काहीही घडत नाही, तो मी रात्री दीडपर्यंत जागून बघितला. एक कपाट दारातून बाहेर निघत नाही म्हणून दोघं आधी ढकलतात, मग भांडतात, मग गप्प बसून एकेक स्क्रू काढायला लागतात, तो सीन अजून डोळ्यासमोर आहे.

तर मला नक्की काय आवडतं बुवा? आणि ते शोधायची काही पद्धत आहे का? प्लीज "हे दहा बघा" नको, तेवढं सोडून काहीही सांगा.

मोरपंखी

+१, आणि वाखू (वाचनखूण) साठवली. माझी वॉचलिस्ट ३०० च्या वर गेलीय, मी आता त्यात नावं टाकते ती बघायला नाही, टाकल्याचं समाधान मिळतं म्हणून.

तिसरी_रांग

रिमोटधारी, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे हो. दीडपर्यंत जागलात त्या पिक्चरचं वर्णन करताना तुम्ही कथा सांगितली नाही, कपाट सांगितलंत. आता तो ८.६ वाला घ्या. चाळीस मिनिटांत बंद केलात म्हणता, तर त्या क्षणी पडद्यावर काय चाललं होतं ते आठवतंय का? "बोअर झालं" हे उत्तर चालणार नाही, बोअर झालं तेव्हा समोर काय होतं ते हवंय.

मी हे गेली दोनेक वर्षं करतेय. एक साधी वही आहे, त्यात आवडलेल्याबद्दल फारसं लिहीत नाही कारण आवडलेल्याबद्दल आपण सगळेच तेच ते लिहितो, अभिनय छान, कथा छान, शेवट जबरदस्त, त्यातून शष्प कळत नाही. मी लिहिते सोडलेल्याबद्दल. कितव्या मिनिटाला सोडला आणि तेव्हा काय चालू होतं, एक ओळ. वीसेक नोंदी झाल्यावर एकदा सलग वाचून काढल्या तेव्हा मला चक्क हसू आलं. मी आयुष्यभर सांगत आले की मला हॉरर झेपत नाही. वहीत बघते तर सोडलेल्यांत हॉरर दोनच, बाकी प्रेमकथा, कौटुंबिक, एक तर माहितीपट, आणि जवळपास प्रत्येक नोंदीत वेगवेगळ्या शब्दांत एकच तक्रार, की पार्श्वसंगीत मला सांगतंय आता रड, आता घाबर. म्हणजे मला भीतीचा त्रास नव्हता, वाजवून घाबरवण्याचा होता. त्यानंतर तीन अगदी शांत हॉरर बघितले, तिन्ही प्रचंड आवडले. (एकटीने नाही बघितले, तेवढी शूर नाहीये.)

त्यामुळे हे थ्रिलर, ड्रामा, कॉमेडी वगैरे जे खण आहेत ते माल लावायला ठीक आहेत, त्यात तुमची आवड सापडायची नाही. तुम्ही आधी ती चाळीस मिनिटं आठवा.

यंत्रमानव

थोडी तांत्रिक भर घालतो, कारण "ॲपला माझी आवड कळत का नाही" हा यातला न विचारलेला प्रश्न आहे.

मागे एक मोठी स्पर्धा झाली होती. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने जाहीर केलं की आमच्या शिफारशीच्या यंत्रणेपेक्षा १० टक्के जास्त अचूक अंदाज करून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. डेटा दिला तो ४ लाख ८० हजार लोकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेल्या १० कोटी रेटिंग्जचा. जगभरचे लोक तीन वर्षं राबले, २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं, आणि गंमत म्हणजे दोन टीमचा निकाल सारखाच आला होता, ज्यांनी २० मिनिटं आधी पाठवलं ते जिंकले. बिचारे दुसरे! आणि त्याहून मोठी गंमत, २०१२ मध्ये कंपनीने स्वतःच लिहिलं की ते जिंकलेलं पूर्ण मॉडेल आम्ही वापरात आणलंच नाही, अचूकता जेवढी वाढत होती त्या मानाने ते बसवायचा खटाटोप फार होता. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेल्या दोन पद्धती तेवढ्या वापरल्या. शिवाय तोवर डीव्हीडी मागे पडून स्ट्रीमिंग आलं होतं, त्यामुळे तुम्ही किती तारे दिले यापेक्षा तुम्ही काय लावलं, कुठे थांबवलं, काय पूर्ण केलं हे थेट दिसायला लागलं. २०१७ मध्ये त्यांनी तारे काढून अंगठा आणला, २०२२ मध्ये दोन अंगठे.

आता यात तुमचं काय होतं बघा. तुम्ही रोज दमून तीच विनोदी सिरीज लावून झोपता. यंत्रणेच्या नजरेत तुम्ही रात्री साडेदहानंतर तीच सिरीज तासनतास बघणारे तिचे कट्टर भक्त आहात, तुम्ही घोरताय हे तिला कसं कळणार. त्यात घरातले सगळे एकाच प्रोफाइलवर असतील तर विचारूच नका, माझ्याकडे भाचा चार दिवस राहून गेला त्यानंतर दोन महिने मला बोलणारे ट्रक दाखवत होते.

करण्यासारखं एवढंच की स्वतःचं वेगळं प्रोफाइल ठेवा, झोपेसाठी लावायच्या गोष्टींचं अजून एक वेगळं. बघितलेल्याचा इतिहास सेटिंगमध्ये सापडतो, त्यातून नको त्या गोष्टी काढून टाकता येतात, कमी लोकांना माहिती असतं हे. आणि ट्रेलर आपोआप सुरू होणं बंद करा, त्याने निम्मी शांतता मिळते.

बाकी ज्यांना खरंच "तुझ्यासारख्या लोकांना काय आवडलं" एवढंच हवंय त्यांनी मूव्हीलेन्स ही साइट बघा. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ पासून चालवलंय, जाहिराती नाहीत, दिसायला साधं आहे. क्रिटिकर पण बरंय, तिथे तुमची रेटिंग्ज दुसऱ्यांशी ताडून कोणाशी किती जुळतं त्याचा आकडाच देतात. पण दोन्हीकडे आधी बसून भरपूर रेटिंग द्यावी लागतात, पाच-दहा देऊन "काही उपयोग नाही" म्हणू नका.

अर्धवट_प्रेक्षक

रेटिंगबद्दल माझं एक तुणतुणं आहे ते वाजवून घेतो.

लोक रॉटन टोमॅटोज या साइटवरचा टोमॅटोवाला आकडा बघतात आणि ९६ टक्के म्हणजे शंभरपैकी ९६ मार्क समजतात. तसं नाहीये. तो आकडा सांगतो किती टक्के समीक्षकांचं मत चांगल्याकडे झुकतं. शंभर जणांनी "ठीक आहे, बघायला हरकत नाही" म्हटलं तरी १०० टक्के होतात. आणि पन्नास जण वेडे झाले, पन्नास जणांनी शिव्या घातल्या की ५० टक्के, म्हणजे सडका, कारण ६० च्या खाली सगळं सडकंच. आता कोणालाच न खटकणारा पिक्चर आणि निम्म्यांना वेड लावणारा पिक्चर, यातला तुमच्यासाठी कुठला हे त्या आकड्यावरून कसं कळणार? मी तर मुद्दाम ४५ ते ६० मधले धुंडाळतो. फसतो पण बऱ्याचदा, खोटं कशाला बोलू. पण गेल्या काही वर्षांत जे मनात घर करून राहिले ते बहुतेक त्याच पट्ट्यातले.

मेटाक्रिटिक निदान गुणांची सरासरी काढतं, तीही भारित. आयएमडीबीवर मी सरासरी बघत नाही, तिच्यावर क्लिक केलं की कोणी १० दिले, कोणी ९, असे दांडे दिसतात ते बघतो. १० ला पण उंच दांडा आणि १ ला पण उंच दांडा असेल तर एकतर कसलं तरी भांडण चालू आहे नाहीतर काहीतरी मजेदार आहे.

आणि रिव्ह्यू वाचायचेच असतील तर मधले वाचा, ५-६ वाले. १० वाला प्रेमात असतो, १ वाला चिडलेला असतो, ६ वाला बिचारा तपशील देतो. "शेवट चांगला पण पहिला पाऊण तास नुसतं घर आवरणं चाललंय" असं कोणी तक्रार म्हणून लिहिलेलं असतं आणि तुमच्यासाठी तीच शिफारस ठरते.

जाता जाता, एक समीक्षक आहेत, नाव नाही घेत, त्यांना आवडलेलं मला गेल्या दहा वर्षांत एकदाही आवडलेलं नाही. त्यांच्याइतका भरवशाचा सल्लागार मला दुसरा नाही. त्यांनी "संथ, रटाळ, काय म्हणायचंय ते कळत नाही" लिहिलं की मी त्याच रात्री लावतो.

मोरपंखी

@अर्धवट_प्रेक्षक हाहा, माझी मोठी बहीण अशीच आहे. तिने "छान आहे गं" म्हटलं की मी यादीतून काढते.

खडूस_म्हातारा

सगळे प्रतिसाद वाचले. वह्या काय, दांडे काय, आकडे काय. पिक्चर बघताय का ऑडिट करताय?

दोन चॅनेल होते तेव्हा जे लागेल ते बघायचो. त्यात निम्मं भिकार असायचं, पण त्या भिकारातच एखाद्या रात्री असं काही समोर यायचं की ज्याची स्वतःहून कधी वाटही धरली नसती. तुम्ही लोकं आवड इतकी नेमकी करून ठेवाल की पुढची वीस वर्षं कपाटाचे स्क्रू काढणारे भाऊच बघत बसाल. आवडीबाहेरचं काही आत यायला एखादी खिडकी उघडी ठेवाल की नाही?

सल्ला मागितलाच आहे तर एक देतो. शेवटी नावं येतात ना, ती वाचा. हल्ली ॲप ती नावं बारीक करून कोपऱ्यात ढकलतं आणि पाच सेकंदांत पुढचं काहीतरी सुरू करतं, तेव्हा त्या कोपऱ्यातल्या चौकोनावर क्लिक करून परत मोठं करा आणि वाचा. नट सगळे बघतात, फार तर दिग्दर्शक. पटकथा कोणाची, कॅमेरा कोणाचा, एडिटिंग कोणाचं ते बघा. नट पैशासाठी काहीही करतो, एडिटरचा हात मात्र लपत नाही. एखादा पिक्चर "अंगाला लागला" तर पुष्कळदा ती गती असते, आणि गती एडिटिंगच्या टेबलावर ठरते. मी असे तीन एडिटर आणि एक साऊंडवाली धरून ठेवलेत, त्यांनी केलेलं विषय न बघता बघतो. खिडकी उघडी राहते आणि फार फसतही नाही.

तिसरी_रांग

काका, खिडकीचा मुद्दा एकदम मान्य. पण वही म्हणजे पिंजरा हे नाही पटलं. माझ्या बाबतीत उलटं झालं ना, हॉररचं दार मी स्वतःच लावून घेतलं होतं ते वहीमुळे उघडलं. न लिहिता जी आवड आपण सांगत फिरतो ती बहुतेक पंधरा-सोळा वर्षांचे असताना ठरवलेली असते, तीच पुढे चालू.

एडिटरचं मात्र भारी. हे कधी डोक्यातच आलं नाही.

यंत्रमानव

अजून एक आठवलं, मगाशी लिहायचं राहिलं आणि हे बहुतेक सगळ्यात कामाचं आहे.

सगळ्यांना आवडतो असा पिक्चर तुम्हाला आणि मला दोघांना आवडला यातून आपल्या दोघांबद्दल काहीच कळत नाही. पण जो फारसा कोणी बघितलेला नाही, बघितला त्यांतल्या बऱ्याच जणांना आवडला नाही, तो जर तुम्हाला आणि मला दोघांना जीव तोडून आवडला असेल तर आपलं नक्की काहीतरी जुळतंय. शिफारशीची गणितं करणारे पण अशा कमी लोकप्रिय गोष्टींवरच्या एकमताला जास्त वजन देतात.

तर हे हाताने करा. लेटरबॉक्स्डवर (लोक बघितलेल्या पिक्चरची नोंद ठेवतात आणि तारे देतात ती साइट) तो ६.१ वाला घर रिकामं करण्याचा पिक्चर शोधा. कोणी किती तारे दिले ते तिथे दिसतं. पाच तारेवाल्यांवर क्लिक करत जा, आणि त्यांनी अजून कशाला पाच दिलेत ते बघा. जो येईल त्याला पाच वाटणारे सोडून द्या, कंजूस लोक पकडा. आपल्याला गाजलेल्या पिक्चरपासून सुरुवात करायची सवय असते, तुम्ही न गाजलेल्यापासून करा.

रिमोटधारी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल सॉरी. पण रिकाम्या हाताने नाही आलो.

आधी तिसरी_रांग यांचा गृहपाठ. तो ८.६ वाला परत लावला आणि बरोबर कुठे बंद केला होता ते शोधलं. ४१ वं मिनिट. त्याआधी काय चाललंय, तर पाच जण एका दरोड्याची तयारी करतायत, नकाशा काढणं, कुलपाची नक्कल करून त्यावर प्रॅक्टिस करणं, एक जण तर नुसता जिना चढायला किती सेकंद लागतात ते मोजतोय. हे सगळं मी मन लावून बघितलं होतं! ४१ व्या मिनिटाला दरोडा सुरू झाला, गाड्या पळायला लागल्या आणि मी रिमोट उचलला. मग बाकीचे सोडलेले आठवून बघितले, नऊ आठवले, त्यातले सहा असेच, तयारी संपली आणि पळापळी सुरू झाली की माझा रस खल्लास.

म्हणजे मला थ्रिलर आवडतच नाहीत हो. मला माणसं काहीतरी काम नीट करत असताना बघायला आवडतात, आणि थ्रिलरच्या पहिल्या तासात ते फुकट मिळतं म्हणून मी इतकी वर्षं त्याला थ्रिलर म्हणत होतो. बायकोला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली हे मला लग्नाच्या आधीपासून माहितीये, तू रस्ता खणत असतील तरी थांबून बघतोस. असो.

वॉचलिस्ट २१२ वरून ३१ वर आणली. नियम एकच ठेवला, हे नाव मी का टाकलं ते आठवत नसेल तर बाहेर. पहिल्या दहाला हात जड झाला, नंतर सपासप.

यंत्रमानव म्हणाले तसं त्या घरवाल्याच्या पाच ताऱ्यांच्या मागे लागलो. पाच तारे देणारे मोजकेच होते. त्यातले बरेच खरंच उधळे निघाले, पण एक बाई (किंवा बुवा, नावावरून कळत नाही) अशी सापडली की जिने साडेचारशे पिक्चरमध्ये फक्त ११ ला पाच दिलेत. त्या ११ पैकी तीन मी बघितले होते, तिन्ही माझे एकदम लाडके. उरलेले आठ कागदावर लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवलेत. चार झाले. एक अजिबात नाही झेपला, एक बरा, दोन कमाल. त्यातला एक म्हणजे एक माणूस जुनी होडी दुरुस्त करतोय, पाऊण तास कोणी धड वाक्य बोलत नाही, फळ्या तासण्याचा आवाज आणि मधून मधून पाऊस. सडका आहे म्हणे, ५२ टक्के. अर्धवट_प्रेक्षक, तुमच्या पट्ट्यातलाच.

प्रोफाइल वेगळं केलं, पण इतिहास साफ करायला गेलो आणि तीन वर्षांची यादी बघून इतकी लाज वाटली की निम्म्यात सोडलं, एखाद्या रविवारी करेन. शोधण्यात अजूनही १५-२० मिनिटं जातातच, फक्त आता ती आठच नावांमध्ये जातात.

आणि खडूस काका, तुमचं ऐकून होडीवाल्याच्या शेवटी तो कोपऱ्यातला चौकोन मोठा केला. पहिल्यांदा वेळेत सापडलाच नाही, पुढचं कायतरी सुरू झालं, मागे जाऊन परत केलं. नावं वाचली. एडिटर तोच निघाला, कपाटवाल्याचा! खात्री करायला परत तो जुना लावून शेवट बघितला, तोच. त्याचे अजून सहा पिक्चर आहेत असं दिसतंय. जस्टवॉचवर (कुठला पिक्चर कुठल्या ॲपवर आहे ते सांगणारी साइट) टाकून बघितले तर त्यातले दोनच कुठेतरी लागतायत आणि त्यातला एक दरोड्याचा आहे. लावू का नको?

खडूस_म्हातारा

लावा. ४१ व्या मिनिटाला काय होतं ते येऊन सांगा.